वडिलांची रिहॅब सेंटरमध्ये फार चांगली काळजी घेतली. तिथल्या लोकांचे आभार कसे मानावेत? पैसे तर भरलेच आहेत, मग वेगळं काही करायला हवं का?

हवं. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते, कारण "पैसे भरलेत ना, मग आभार कसले" हे वाक्य माझ्या थोरल्या भावाचं आहे आणि त्यावर आमचं अजूनही एकमत नाही.

तुम्ही लिहिलंय की वडिलांना पॅरालिसिसनंतर सेंटरला ठेवलं होतं, आता ते काठी घेऊन चालतात, आणि घरी नेताना मोठ्या डॉक्टरांना शाल-श्रीफळ द्यायचं घरात ठरतंय. द्या जरूर. पण तेवढ्यावर थांबलात तर ज्यांनी निम्मं काम केलं ते तसेच राहतील. निम्मं हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, त्याचा हिशेब कागदावर असतो.

डिस्चार्जच्या फायलीत बऱ्याच ठिकाणी बार्थेल इंडेक्सचा तक्ता असतो, तो काढा. पेशंट रोजची कामं स्वतः किती करू शकतो याची ही १९६५ पासून वापरात असलेली साधी मोजणी आहे: जेवण, आंघोळ, दाढी-केस, कपडे, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडासचा वापर, पलंगावरून खुर्चीत जाणं, चालणं आणि जिना, मिळून १०० गुण. आमच्या वडिलांची, अण्णांची, उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. दाखल होताना त्यांचे १० गुण भरले, पाच शौचाचे आणि पाच खुर्चीत जाण्याचे, तेही दोघांनी धरून. घरी आणलं तेव्हा ६०. या ५० गुणांच्या कमाईतले चालण्याचे १०, खुर्चीत जाण्याचे वाढलेले ५, कपड्यांचे ५ आणि दाढीचे ५ फिजिओ आणि ओटीच्या (रोजची कामं पुन्हा शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट) खात्यात टाका. उरले २५: लघवीचे १०, शौचाचे ५, संडास वापराचे ५, जेवणाचे ५. हे रोजच्या रोज कुणी मिळवून दिले? मामांनी, मावशींनी (म्हणजे वॉर्डातल्या मदतनिसांनी) आणि पाळीवरच्या सिस्टरनी. आणि बिलात त्यांचं सगळं काम "अटेंडंट चार्जेस" या एका ओळीत येतं.

लघवीचे दहा गुण कसे येतात ते बघा. अण्णांना कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, होता. तो जितका जास्त दिवस राहतो तितकी इन्फेक्शनची भीती वाढते, म्हणून डॉक्टरांनी काढायला सांगितला. सांगायला एक ओळ लागते. पुढे दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, भांडं लावायचं, किती झाली ते मापून वेळेसकट लिहायचं, पोट तुंबल्यासारखं लागलं तर सिस्टरला बोलवायचं. "लागली का?" असं विचारून इथे भागत नाही, कारण वाचा गेलेला माणूस "हो" म्हणायच्या जागी मान नकारार्थी हलवू शकतो. घड्याळाप्रमाणेच जावं लागतं. संध्याकाळनंतर पाणी थोडं कमी करायचं, पण दिवसभराचं एकूण पाणी तोडायचं नाही. घरचे लोक नेमकं हेच तोडतात, मग लघवी घट्ट होऊन जळजळ होते, वर बद्धकोष्ठ होतो, आणि बद्धकोष्ठाने लघवी आणखी अडते. यापेक्षा डायपर चढवून सकाळपर्यंत झोपणं कितीतरी सोपं. पण रोज रात्री डायपर चढवला की माणसाची सवय जाते, ताबा परत यायची संधीही जाते. रात्री तीन वाजता कुणीही बघत नसताना रात्रपाळीच्या मामांनी सोपी वाट धरली नाही, त्याचे ते दहा गुण आहेत.

तक्त्यात न येणारं कामही आहे. अण्णा एकही बेडसोअर न होता घरी आले. न झालेल्या जखमेचे आभार कुणी मानत नाही. डावी कूस, पाठ, उजवी कूस, दर दोन तासांनी पाळी. कूस म्हणजे पूर्ण आडवं करायचं नाही, साधारण ३० अंश कलवून पाठीला उशी द्यायची, नाहीतर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. वर सरकवायचं तर ओढायचं नाही, दोघांनी चादरीसकट उचलायचं, कारण ओढलं की वरची कातडी जागेवर राहते आणि आतला थर सरकतो. एअर बेड असला तरी कूस बदलणं चुकत नाही. रबरी रिंगवर बसवू नये, तिच्या कडा भोवतालचा रक्तपुरवठा दाबतात. सावळ्या अंगावर लाली लवकर दिसत नाही, म्हणून आमचे मामा ट्यूबलाइट न लावता (शेजारच्या बेडवरचे आजोबा जागे होतात) बॅटरीच्या उजेडात पालथा हात माकडहाडावर टेकवून बघायचे. आजूबाजूपेक्षा जागा गरम किंवा कडक लागली की पुढच्या पाळीला ती बाजू टाळायची आणि सिस्टरच्या वहीत नोंद करायची. हे त्यांना कुणी कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. जुन्या सिस्टरनी शिकवलं आणि त्यांनी ते सोडलं नाही.

आता जेवण, आणि इथेच आमच्या घरातलं भांडण सुरू होतं.

नाकातली नळी काढल्यावर स्पीच थेरपिस्टने लिहून दिलं: पातळ काहीही नाही, पाणी-चहा सगळं लेव्हल २ (दाटपणाच्या मोजणीतली एक पायरी) इतकं दाट. पॅरालिसिसमध्ये गिळण्याचे स्नायू मंदावतात आणि पाणी सगळ्यात वेगाने धावतं, म्हणून ते श्वासनळीत उतरायचा धोका सगळ्यात जास्त. घट्ट घास धोक्याचा आणि पाणी निर्धोक असं आपल्याला वाटतं, इथे उलट होऊ शकतं. दाटपणा नजरेने ठरवला तर दर माणसाचा वेगळा होतो. दुपारच्या मावशी सिरिंजने मोजायच्या. सुई नसलेली १० मिलीची सिरिंज घ्यायची, दट्ट्या काढायचा, खालच्या टोकाला बोट लावून १० मिलीपर्यंत चहा भरायचा, बोट काढायचं, १० सेकंदांनी परत लावायचं. आत ४ ते ८ मिली उरला तर लेव्हल २. चारपेक्षा कमी उरला तर पातळ आहे, आठच्या वर उरला तर गरजेपेक्षा दाट. दाट करायची पावडर घातल्या घातल्या मोजायचं नाही, डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्यायचा, नाहीतर पातळ समजून आणखी पावडर पडते आणि पाच मिनिटांनी कपात खळ तयार होते. स्टार्चची पावडर असेल तर उष्टा चमचा कपात परत बुडवायचा नाही, लाळेने चहा पुन्हा पातळ होतो.

भरवतानाही तसंच. पाठ ताठ, टीव्ही बंद, अर्धा चमचा, गिळल्याची खात्री, मगच पुढचा. लुळ्या बाजूच्या गालात घास साठून राहतो, तो शेवटी बोटाला गॉज गुंडाळून काढायचा. जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवायचं. दात रोज दोनदा घासायचे, कारण तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात गेले की न्यूमोनिया होतो. आणि ठसका लागला नाही म्हणजे सगळं बरोबर, असं समजू नका. काहींच्या श्वासनळीत न खोकता उतरतं, फक्त आवाज ओला, गुळगुळल्यासारखा येतो.

तर माझा भाऊ नाशिकहून भेटायला आला, शहाळ्याचं पाणी घेऊन. अण्णांना शहाळं आवडतं. त्याने ग्लास अण्णांच्या ओठाला लावला आणि मावशींनी तो हातातून काढून घेतला. "साहेब, पातळ नाही द्यायचं, मी दाट करून आणते." एवढंच बोलल्या. दादा चिडला. "पैसे आम्ही भरतो, आणि ही आम्हाला शिकवणार?" मावशींनी तेच शहाळं दाट करून, मोजून, चमच्याने भरवलं. दादाने डिस्चार्जच्या दिवशी न्यूरोलॉजिस्टना, फिजिओंना आणि ऑफिसातल्या मॅनेजरना पेढ्यांचे बॉक्स दिले. मावशींना मुद्दाम दिला नाही. "उद्धट आहेत" म्हणाला. आजही म्हणतो.

माझं म्हणणं सरळ आहे. न्यूरोलॉजिस्ट चांगलेच होते, पण ते राउंडला येऊन पाच मिनिटं थांबत. पोराच्या नजरेला नजर देऊन ग्लास काढून घेणारी बाई नसती तर अण्णा न्यूमोनिया घेऊन पुन्हा आयसीयूत जाऊ शकले असते. तिची नोकरी कंत्राटी. दादाने ऑफिसात एक तक्रार केली असती तर तिला एजन्सीने दुसऱ्या दिवशी दुसरीकडे पाठवलं असतं. हे माहीत असून तिने ग्लास काढला. पगार भरवण्याचा मिळतो, या धाडसाचा कोणत्या बिलात आकडा आहे?

आता तुम्ही काय करावं.

सगळ्यात आधी पत्र लिहा. एक पान, मराठीत. त्यात "सर्व स्टाफने आपुलकीने काळजी घेतली" हे वाक्य नको, ते कुणाच्याच उपयोगाचं नाही. व्यक्तीचं नाव, पाळी, केलेलं काम आणि त्यामुळे काय टळलं किंवा काय जमलं, एवढं प्रत्येकासाठी दोन ओळीत. उदाहरणार्थ: "अमुक मामा, रात्रपाळी. दर दोन तासांनी कूस बदलली आणि भांडं लावलं. वडील एकही जखम न होता आणि कॅथेटरशिवाय घरी येत आहेत." नावं आठवत नसतील तर नर्सिंग इन्चार्जकडे ड्युटी लिस्ट असते, विचारा. पत्र संचालकांच्या नावे द्या आणि प्रत्येकाच्या वैयक्तिक फायलीत प्रत लावण्याची विनंती त्यातच लिहा. मामा-मावशी एजन्सीचे असतील तर एक प्रत एजन्सीला. आणि पत्राचा फोटो त्या-त्या माणसाच्या व्हॉट्सअॅपवर नक्की पाठवा. पुढची नोकरी मागायला जाताना फिजिओकडे डिग्री असते, मावशींकडे दाखवायला असा कागद सहसा नसतो. आमचं पत्र इंग्रजीत असावं असं दादाचं मत होतं, "प्रोफेशनल दिसतं" म्हणून. ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागेल असं पत्र कशाला?

पेढे द्यायचे तर पाळ्या बघून द्या. सकाळी अकराला नेलेला बॉक्स सकाळच्या पाळीत आणि ऑफिसात संपतो, रात्री आठला येणाऱ्याला रिकामं खोकं दिसतं. पाळीप्रमाणे वेगळी पाकिटं करा, वर नावं घाला, इन्चार्ज सिस्टरच्या हातात द्या. स्वयंपाकघर, लॉन्ड्री आणि सफाईची माणसंही मोजा. वॉर्डात उघडं खाद्य नेऊ नका, तिथे डायबेटिसचे आणि गिळता न येणारे पेशंट असतात आणि कुणीतरी प्रेमाने भरवतंच.

रोख पैसे हातात देऊ नका. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण शेजारच्या बेडवाल्याला वाटतं की आपणही दिल्याशिवाय आपल्या माणसाकडे बघणार नाहीत, आणि घेणाऱ्याची नोकरी धोक्यात येते. पैसेच द्यायचे असतील तर ऑफिसला विचारा, काही ठिकाणी कर्मचाऱ्यांसाठी निधी असतो, तिथे पावती घेऊन द्या. सरकारी संस्थेत तर कर्मचाऱ्यांना भेटवस्तूसुद्धा नको. हाजी अलीला १९५५ पासून असलेली पुनर्वसन संस्था केंद्र सरकारची आहे. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना १९६४ चे वर्तन नियम लागू होतात, राज्याच्या कर्मचाऱ्यांना १९७९ चे, आणि दोन्हींत भेटी घेण्यावर बंधनं आहेत. आपल्या कृतज्ञतेपायी त्यांना खुलासा द्यायची वेळ आणू नये. पत्र मात्र तिथेही चालतं, आणि तिथे त्याचं मोल जास्त.

सेंटरला वस्तू द्यायच्या तर आधी विचारून द्या. न फोडलेली डायपरची पाकिटं, चालू पंपाचा एअर बेड, ब्रेक नीट लागणारी व्हीलचेअर, जादा उशा (पोझिशन द्यायला उशा कधीच पुरत नाहीत), मोठ्या आकड्यांचं भिंतीवरचं घड्याळ, मराठी कॅलेंडर. वार-तारीख विसरलेल्या पेशंटला समोर घड्याळ-कॅलेंडर असणं हा उपचाराचाच भाग आहे. फोडलेला पावडरचा डबा किंवा उरलेली औषधं देऊ नका.

स्पीच थेरपिस्टला विसरू नका, तिचं काम सगळ्यात हळू दिसतं. अण्णा "पाणी" म्हणू शकत नव्हते, पण तिने "बे एके बे" म्हटल्यावर "बे दुणे चार" आपोआप बाहेर आलं, आणि पंधराच्या पाढ्यापर्यंत न अडखळता गेले. लहानपणी घोकलेलं, आरत्या, वारांची नावं, आकडे अशी भाषा डोक्यात वेगळ्या वाटेने येते, ती बऱ्याचदा शाबूत राहते, आणि तिच्या आधाराने पुढचे शब्द ओढून काढता येतात. सहाव्या वर्षी शाळेत छडी खाऊन पाठ केलेले पाढे सत्तरीत असे कामाला आले. पत्रात मी हे सगळं लिहिलं होतं. तिने ते तिच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

आणि तीन महिन्यांनी वडिलांना घेऊन जा. पेशंट घरी गेला की पुढे त्याचं काय झालं हे या लोकांना बहुतेक कधीच कळत नाही. जाणं जमत नसेल तर वडिलांची परवानगी घेऊन चालतानाचा छोटा व्हिडिओ पाठवा. सोशल मीडियावर टाकताना मात्र दुसरा पेशंट फ्रेममध्ये नको, आणि स्टाफचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय नकोत.

त्याहून मोठे आभार म्हणजे त्यांनी जे कमावलं ते घरी घालवायचं नाही. घरी आल्या आल्या सगळ्यात जास्त नुकसान खांद्याचं होतं. लुळ्या बाजूचे स्नायू सैल असतात, दंडाचं हाड खोबणीतून खाली उतरायला बघतं, आणि उत्साही पाहुणे काखेत हात घालून "उठा" म्हणत उचलतात. त्यानंतरचं दुखणं महिनोन् महिने जात नाही आणि दुखऱ्या हाताचा व्यायाम बंद पडतो. काखेत धरायचं नाही, लुळा हात ओढायचा नाही, बसल्यावर तो उशीवर ठेवायचा. खुर्चीत नेताना खुर्ची चांगल्या बाजूला, पलंगाला किंचित तिरकी, दोन्ही ब्रेक लावलेले, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला. त्यांना पुढे वाकवायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की उठणं हलकं होतं. तुमचा गुडघा त्यांच्या लुळ्या गुडघ्यासमोर, म्हणजे तो दुमडणार नाही. कमरेच्या पट्ट्याला धरायचं. डिस्चार्जच्या आधी हे मामांसमोर स्वतः करून दाखवा, तेच तुमच्या चुका पकडतील.

तक्रार असेल तर तीही करा, पण वेगळ्या कागदावर. आमच्या सेंटरमध्ये दुपारी पाळी बदलताना अर्धा तास बेल वाजवून कुणी यायचं नाही, आणि ते मी लेखी दिलं. आभाराच्या पत्रात तक्रार घुसडली की दोन्ही कागद वाया जातात. आणि आभार मानायचे म्हणून तक्रार गिळलीत तर पुढच्या पेशंटची बेल तशीच वाजत राहील.

घरात कुणी "पैसे भरलेत" म्हणालंच, तर बार्थेलचा तक्ता समोर ठेवा आणि कुठले गुण कुणामुळे आले ते विचारा. दादाने तक्ता पाहून "हे सगळं आपोआपही झालं असतं" असं म्हटलं. काही सुधारणा आपोआप होते, खरं आहे, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. पण कूस आपोआप बदलत नाही आणि चहा आपोआप दाट होत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. गिळण्याचं वर लिहिलंय ते अण्णांसाठी ठरवलेलं होतं. तुमच्या वडिलांना कोणती लेव्हल, हनुवटी खाली घेऊन गिळायचं की नाही, हे त्यांना तपासलेल्या स्पीच थेरपिस्टलाच विचारा, काहींना दाट पातळपेक्षा जड जातं. आणि सगळीच सेंटर अशी नसतात. जिथे रात्री पेशंटचे हात बांधून ठेवतात किंवा घरच्यांना वॉर्डात येऊच देत नाहीत, तिथे आभाराचं पत्र लिहायच्या आधी पेशंटला हलवा. तुम्ही स्वतः "फार चांगली काळजी" म्हणताय, म्हणून हे एवढं लांबलं. ड्युटी लिस्ट मात्र डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या, नंतर फोनवर कुणी नावं देत नाही.